एका मुंबईच्या दोन लावण्या

वाळवा तालुक्याचं नाव निघालं की ऊस, कुस्ती आणि नाना पाटलांचं पत्री सरकार आठवतं. मुंबईवर लिहिल्या गेलेल्या दोन गाजलेल्या लावण्याही याच तालुक्याच्या मातीतून आल्या, हे मात्र चटकन कुणाच्या ध्यानात येत नाही. पहिली लिहिणारा कृष्णाकाठच्या रेठरे हरणाक्षचा श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म ११ नोव्हेंबर १८६६. दुसरी लिहिणारा वाटेगावचा तुकाराम भाऊराव साठे, जन्म १ ऑगस्ट १९२०. एकाला महाराष्ट्र पठ्ठे बापूराव म्हणतो, दुसऱ्याला अण्णाभाऊ. एक गावच्या कुलकर्ण्याच्या घरातला ब्राह्मण, दुसरा गावकुसाबाहेरच्या मांगवाड्यातला. तालुका एक, विषय एक, घाटही लावणीचाच. तरी या दोन रचना शेजारी ठेवून वाचल्या, की एकाच शहराचे दोन नकाशे हाती लागतात आणि त्यातल्या दुसऱ्या नकाशावर परळ ठळकपणे दिसतं.

अण्णाभाऊंची ‘मुंबईची लावणी’ हे बापूरावांच्या लावणीला दिलेलं उत्तर आहे, असं अभ्यासक मानतात. हल्ली गाजलेल्या जुन्या गाण्याची नवी आवृत्ती निघाली की तिला ‘कव्हर’ म्हणतात. चाल तीच, शब्द तेच, गळा आणि वाद्यं नवी. मग मूळ बरं की नवं यावर घरोघरी वाद होतात. शाहिरीत हा वाद फार जुना आहे, फक्त त्याचे नियम निराळे आहेत. तिथे नवा गाणारा जुन्याची चाल, छंद किंवा विषय उचलतो आणि शब्द स्वतःचे घालतो. आधीच्याची बाजू उलटवली नाही, तर त्याचं गाणं उसनं ठरतं.

कलगी-तुऱ्याचा सगळा डोलारा यावरच उभा आहे. एक पक्ष शक्तीचा, दुसरा शिवाचा. एकाने कोडं घालायचं, दुसऱ्याने त्याच घाटात ते सोडवून वर उलट कोडं घालायचं. रत्नागिरीकडची मंडळी गिरणीत कामाला आली तेव्हा हा शक्ती-तुरा त्यांच्याबरोबर आला. परळच्या दामोदर हॉलमध्ये त्याचे सामने पिढ्यान्‌पिढ्या रंगले. समोरच्या शाहिराची चाल तिथेच उचलून त्याच्यावरच उलटवली, की हॉल डोक्यावर घेतला जाई. मालवणी भजनाच्या डबलबारीतही तेच. एक बुवा गजर लावतो, दुसरा त्याचं पाणी जोखतो. सिनेमाच्या चालीवर अभंगाचे शब्द बसवणं हे तिथे नित्याचं. जुन्या जलशांच्या आणि नाटकांच्या पदांच्या पुस्तिका उघडल्या तर पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून कुठल्यातरी आधीच्या प्रसिद्ध पदाचा निर्देश सापडतो. आपण कुणाचं घेतलं हे छापून सांगायची ती पद्धत होती आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे.

आता बापूरावांकडे. कुलकर्णीपणाचं वतन, इंग्रजी राजवटीतलं शिक्षण, सोवळं घर आणि या मुलाला नाद लागला तमाशाचा. तमाशा ही तेव्हा महार-मांगांची कला. त्यात ब्राह्मणाने नुसतं जाऊन बसणंही घराण्याला बट्टा लावणारं होतं. हा तर फडात उभा राहिला, पुढे स्वतःचा फड काढला. संगमनेरजवळच्या हिवरगावची पवळा त्यांच्या फडात आली आणि दोघांची नावं कायमची जोडली गेली. रचनेच्या शेवटी नाममुद्रा पठ्ठे बापूरावांची, पण ती रचना गावोगावी पोचली ती पवळाच्या गळ्यातून आणि पायांतून. ध्वनिमुद्रणाचा बाजार अजून घरोघर पोचायचा होता. गाणं ऐकायचं म्हणजे ते गाणारी बाई समोर हवी. आज आपण लावणीचा ‘मूळ कवी’ म्हणून बापूरावांचं नाव घेतो तेव्हा पवळाचा वाटा हिशेबातून गळतो.

मूळ कोणतं हा प्रश्न इथून आणखी मागे जातो. तमाशातल्या वगाची, म्हणजे कथानाट्याची, सुरुवात करण्याचं श्रेय सावळजच्या उमा-बाबूंना दिलं जातं, १८६५ च्या सुमाराच्या ‘मोहना बटाव’साठी. हे उमा-बाबू मांग. सावळज तासगाव तालुक्यात, म्हणजे वाळव्यापासून काही फार लांब नाही. बापूराव जन्मले त्याच सुमारास त्यांच्या परिसरात मांग कलावंत तमाशाला नवं रूप देत होते. ते रूप बापूरावांनी आत्मसात केलं, त्यात आपली विद्वत्ता ओतली, पुराणातली कोडी घातली, शब्दांची आतषबाजी केली आणि ते इतकं गाजवलं की पुढे मूळ म्हणून त्यांच्याकडेच बोट दाखवलं जाऊ लागलं. त्यानंतर अर्धशतकाने एका मांगाच्या मुलाने बापूरावांच्या लावणीची आपली आवृत्ती काढली. यात कुणी कुणाचं घेतलं?

बापूरावांच्या मुंबईवर प्रेम बसावं असंच ते शहर होतं. ताडदेवला १८५६ मध्ये पहिली कापडगिरणी सुरू झाली होती. बापूरावांच्या उमेदीच्या काळात गिरण्यांची धुराडी भायखळ्यापासून परळपर्यंत पसरली होती. घोड्यांच्या ट्राम होत्या, पुढे १९०७ मध्ये विजेच्या आल्या. गोदीत आगबोटी लागत. घाटावरून आलेल्या फडाला एका रात्रीत एवढी माणसं, एवढे दिवे आणि एवढा पैसा कुठे बघायला मिळणार? त्यांच्या लावणीतली मुंबई या चकाकीने दिपलेली आहे. तिला ते रावणाच्या लंकेची जोड देतात. ही उपमा मला नेहमी चाणाक्ष वाटत आली आहे. लंका सोन्याची होती हे खरं, पण ती रावणाची होती हेही ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. बापूराव त्या दुसऱ्या बाजूला हात लावत नाहीत, ती उपमेतच ठेवून पुढे सरकतात. तमासगीर यजमानाच्या दारात उभा असतो. दौलतजादा व्हायची असेल तर यजमानाच्या गावाला नावं ठेवून चालत नाही. त्यांची लावणी पाहुण्याची आहे. हंगामाला यायचं, शहर डोळे भरून बघायचं, त्याच्या वैभवाचा डंका पिटायचा आणि बिदागी घेऊन परत फिरायचं.

हा फड ज्यांच्यासमोर नाचे त्या प्रेक्षकांत गिरणगाव मोठ्या संख्येने असे. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, पुणे जिल्ह्यांतून आलेला पुरुष एकटाच यायचा. बायको गावी, म्हातारी गावी, शेताचा तुकडा गावी. इथे एका खोलीत पंधरा-वीस जण पाळी लावून झोपत. जेवण खानावळवाल्या बाईकडे, हिशेब पगाराच्या दिवशी. १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने बी.डी.डी. चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड मिळून २०७ इमारती, त्यातल्या ३२ डिलाईल रोडला, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर. या चाळींतल्या पुरुषांना करमणूक म्हणजे तालीम, भजन आणि तमाशा. लालबाग-परळचं हनुमान थिएटर पुढे याच माणसांवर चाललं. गावचा फड मुंबईत आला की गावच भेटायला आल्यासारखं वाटे. स्टेजवर मुंबईच्या वैभवाचं गाणं लागलं की हे लोक टाळ्याही देत. मात्र थिएटरातून बाहेर पडल्यावर ज्या मुंबईत त्यांना जायचं असे, ती त्या गाण्यात नव्हती.

अण्णाभाऊ १९३०-३२ च्या सुमारास वडिलांबरोबर वाटेगावहून मुंबईला आले, बरीचशी वाट पायी तुडवत. शाळा जवळजवळ नाहीच. भायखळ्याला राहिले, मिळेल ते काम केलं, गिरणीत लागले. भाऊबंदांच्या तमाशात वावर होताच. पुढे माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कम्युनिस्ट पक्षाशी संबंध आला आणि अक्षरं, राजकारण व शाहिरी एकदमच हातात आली. स्टालिनग्राडच्या लढाईवरचा त्यांचा पोवाडा कामगारवस्त्यांत गाजला. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. अमर शेख बार्शीचे, मूळ नाव मेहबूब. आईच्या जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेले आणि आवाज असा की मैदानाच्या टोकाला बसलेल्याला कर्ण्याची गरज वाटू नये.

कलापथकाने तमाशा जसाच्या तसा घेतला नाही. तमाशाची सुरुवात गणाने होते, गणपतीला वंदन करून. अण्णाभाऊंच्या गणात वंदन आहे ते मायभूमीला आणि शिवछत्रपतींना. गणानंतर गवळण येते, मथुरेच्या बाजारी निघालेल्या गवळणी, वाट अडवणारा कृष्ण, मावशीची थट्टा. ती गवळण त्यांनी गाळली. सोंगाड्या ठेवला, कारण शेटजीची आणि पुढाऱ्याची हजेरी घ्यायला त्याच्यासारखा माणूस नाही. जुन्या घराच्या भिंती तशाच ठेवून आतल्या खोल्यांची वाटणी बदलावी तसा हा प्रकार होता. प्रेक्षकाला आत शिरताना ओळखीचं वाटे आणि बसल्यावर लक्षात येई की देवघराच्या जागी आता दुसरंच काही आहे.

‘मुंबईची लावणी’ या कलापथकाच्या काळातली. बापूरावांनी मुंबईला एकच उपमा दिली, सबंध शहराला मिळून. अण्णाभाऊंनी पहिल्याच झटक्यात शहराचे दोन तुकडे केले. वर मलबार हिल, इंद्राची नगरी, कुबेराची वस्ती. खाली परळ, तिथले लोक रात्रंदिवस राबणारे आणि पदरात पडेल ते खाणारे. पुराणातली उपमा दोघांनीही वापरली आहे, पण अण्णाभाऊंकडे ती फक्त वरच्या वस्तीला लागते. परळला उपमा नाही. परळबद्दल साधं विधान आहे, पोलीस पंचनाम्यासारखं कोरडं. माझ्या मते सगळ्या लावणीचं बळ या भेदात आहे. ज्यांच्याकडे दौलत आहे त्यांना देवांची नावं, ज्यांच्याकडे नाही त्यांना नुसतं क्रियापद.

पुढे ही लावणी शहरभर हिंडते. गाड्या येतात, जमिनीवरच्या, पाण्यातल्या, हवेतल्या. नाना प्रांतांची माणसं येतात. देह विकायला उभ्या राहिलेल्या बायांचे रस्ते येतात. शहराचं असं हिंडून केलेलं वर्णन म्हणजे लावणीतली जुनी सवय. बापूरावांच्या श्रोत्यांना ती पाठ होती. अण्णाभाऊ ती सवय मोडत नाहीत, फक्त चालणाऱ्याचे पाय बदलतात. बापूरावांचा मुशाफिर जिथे दिवे आहेत तिथे जातो. अण्णाभाऊंचा माणूस पाळी सुटल्यावर पायी घरी जाणारा आहे, त्यामुळे त्याला दिव्याखाली कोण उभं आहे तेही दिसतं.

इथे एक गोष्ट बापूरावांच्या बाजूने सांगायला हवी. निव्वळ लावणी म्हणून, ढोलकीवर चढणारी आणि पायांना ओढणारी रचना म्हणून, त्यांचीच सरस आहे. शब्द एकमेकांना टाळ्या देत पुढे धावतात, यमकं अशी पडतात की ऐकणारा पुढचं यमक आधीच ओठांवर आणून बसतो. अण्णाभाऊंच्या लावणीत मधूनच सभेतल्या भाषणाचा वास येतो. प्रचाराच्या गाण्याला ती किंमत मोजावी लागते. पण बापूरावांच्या लावणीतलं एखादं कडवं गाळलं तर काही बिघडत नाही. अण्णाभाऊंच्या लावणीतलं परळचं कडवं गाळलं तर मलबार हिलचं कडवं खोटं पडतं.

बापूराव २२ डिसेंबर १९४५ रोजी पुण्यात गेले, हलाखीत. ज्यांच्या रचनांवर फडांनी पैसा केला तो माणूस शेवटी कफल्लक. कलापथक तेव्हा ऐन भरात होतं. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात बाळासाहेब खेरांचं सरकार असताना तमाशावर बंदी आली. अश्लीलतेचं कारण पुढे होतं, पण लाल बावट्याच्या कार्यक्रमांवरही सरकारची नजर होतीच. अण्णाभाऊंनी मग आपल्या खेळाला लोकनाट्य म्हणायला सुरुवात केली. पुढे मध्यमवर्गीय नाटकवाल्यांनी हे नाव उचललं, त्यावर शिवाजी मंदिरात प्रयोगामागून प्रयोग झाले आणि लोकनाट्य हा दादरचा शोध असावा असं वाटण्याइतकं ते तिथे रुळलं. आवृत्तीचीही आवृत्ती निघते, ती अशी.

अण्णाभाऊंनी ‘मुंबईच्या लावणी’हून मोठा डाव टाकला तो ‘माझी मैना’मध्ये. ही छक्कड, लावणीचाच एक प्रकार. लावणीच्या दुनियेतला सगळ्यात घासून गुळगुळीत झालेला विषय म्हणजे विरह. सखा परदेशी गेला, सखी झुरते, पावसाळा आला, पत्र नाही. शेकडो लावण्यांत ही बाई आहे आणि त्यातल्या बहुतेक पुरुषांनी लिहिलेल्या आहेत. अण्णाभाऊंनी बाजू उलटी केली. इथे झुरतो तो पुरुष, कारण गिरणगावात प्रत्यक्षात झुरत होता तो पुरुषच. बायको गावाकडे राहिली आहे. तो तिचं रूप आठवतो, गुण आठवतो, गरिबीने ताटातूट कशी केली ते सांगतो, दागिन्यांची वचनं देऊन निघालो आणि मुंबईत येऊन बेकारांच्या गर्दीत भर घातली याची कबुली देतो. डिलाईल रोडच्या खोलीत दाटीवाटीने झोपणाऱ्या कुठल्याही माणसाला हे स्वतःचं पत्र वाटावं. अमर शेख ते गायचे तेव्हा पुढ्यात बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरी अशी एक मैना होतीच.

आणि मग, ऐकणारा पुरता आपल्या घरच्या आठवणीत बुडालेला असताना, गाणं वळण घेतं. जशी माझी आणि मैनेची ताटातूट तशीच या तुटक्या महाराष्ट्राची. बेळगाव, कारवार, निपाणी, डांग, उंबरगाव अशी नावं येतात. काळ संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा. नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत गोळीबार झाले होते, हुतात्म्यांचा आकडा शंभरावर गेला आणि त्यांत गिरणी कामगार मोठ्या प्रमाणात होते. सीमाभागाचा प्रश्न हा नकाशाचा, आयोगाचा, टक्केवारीचा. तो कामगाराच्या काळजात घालायचा कसा? अण्णाभाऊंनी तो त्याच्या बायकोच्या आठवणीवर कलम केला. राजकीय गाण्यांत इतकी चतुर आणि इतकी प्रामाणिक युक्ती मराठीत मला दुसरी दिसत नाही. प्रामाणिक अशासाठी की पहिला भाग दुसऱ्यासाठी लावलेलं आमिष वाटत नाही. मैना शेवटपर्यंत खरीच राहते.

‘माझी मैना’च्या नंतरच्या आवृत्त्यांचं दुखणं नेमकं इथे आहे. पुढच्या पिढीने ती नायगावच्या शाहीर विठ्ठल उमपांच्या पहाडी आवाजात ऐकली, त्यानंतर कितीतरी शाहिरांनी आणि वाद्यवृंदांनी. आता ती लोकगीतांच्या कार्यक्रमांतला हमखास वन्समोअरचा नंबर आहे. ढोलकी, हार्मोनियम, कधी कीबोर्ड. वेळ मोजून दिलेली असते. मग गायक रूपवर्णन रंगवतो, विरह आळवतो आणि गाणं वळणावर येण्याआधीच तिहाई घेऊन थांबतो. टाळ्या पडतात. ऐकणाऱ्याला वाटतं की एक गोड विरहगीत ऐकलं. अर्थात ते तेवढंच ऐकलं तरी गोड आहे, हीच अडचण आहे. शब्द तेच, चाल तीच, आवाजही कसलेला, कुणी काही बदललेलं नाही आणि तरी अण्णाभाऊंनी जी विरहाची लावणी उलटी केली होती ती पुन्हा सुलटी करून ठेवली.

कात्री फक्त कार्यक्रमवालेच लावतात असं नाही. राजा बढे यांचं ‘जय जय महाराष्ट्र माझा’ श्रीनिवास खळ्यांच्या चालीत शाहीर साबळ्यांनी अजरामर केलं. २०२३ च्या शिवजयंतीपासून ते राज्यगीत झालं, तेव्हा सरकारने त्यातली दोन कडवी घेतली आणि लांबी १ मिनिट ४१ सेकंद ठरवून दिली. समारंभात उभं राहायचं तर लांबी ठरवावी लागते, हे समजण्यासारखं आहे. तरी साबळ्यांच्या ध्वनिमुद्रिकेवर वाढलेल्या माणसाला ते संपतं तिथे एक पायरी चुकल्यासारखं होतं.

एकट्या १९६९ सालात या कथेतली दोन मोठी माणसं गेली. १८ जुलैला अण्णाभाऊ, २९ ऑगस्टला अपघातात अमर शेख. पुढल्याच वर्षी, ५ जून १९७० रोजी, परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा लालबागमध्ये खून झाला. त्या जागेच्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक निवडून आले, शिवसेनेचे पहिले आमदार. ज्या नाक्यांवर कलापथकाचं डफ वाजायचं तिथलं राजकारण बदललं आणि राजकारणाबरोबर तिथली गाणीही. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप मागे घेतला गेल्याची घोषणा रीतसर कधी झालीच नाही. गिरण्या मात्र एकेक करून शांत झाल्या.

त्यानंतर लोअर परळचं जे झालं त्याने अण्णाभाऊंच्या लावणीचा अर्थ शब्दाला हात न लावता बदलून टाकला. फिनिक्स मिलच्या आवारात मॉल आला. कमला मिलमध्ये कचेऱ्या आणि उपाहारगृहं आली. तिथे डिसेंबर २०१७ मध्ये लागलेल्या आगीत १४ जण गेले. मथुरादास मिलच्या आवारात २००७ मध्ये ब्लू फ्रॉग नावाचा संगीत क्लब निघाला. लोकप्रिय परदेशी गाणी वाजवणाऱ्या बँडांची शहराला सवय होती. या क्लबात मात्र स्वतःचं संगीत वाजवणाऱ्यांना मान मिळाला. तिथली तरुण मंडळी ‘ओरिजिनल’ आणि ‘कव्हर’ यांवर तावातावाने बोलत असत. त्याच गिरणगावात साठ वर्षांपूर्वी हाच वाद लावणीत होऊन गेला होता. तो क्लबही २०१६ मध्ये बंद पडला. श्रीनिवास मिलच्या जमिनीवर २८० मीटर उंचीचा वर्ल्ड वन मनोरा उभा राहिला. म्हणजे लावणीतली उंचावरची वस्ती आता डोंगरावर शोधायला नको. ती परळातच आहे आणि मलबार हिलच्या टेकडीहून कितीतरी उंच आहे. आज एखाद्या कार्यक्रमात ही लावणी लागते तेव्हा परळचं नाव येताच तरुण श्रोता क्षणभर गोंधळतो. त्याच्या लेखी परळ म्हणजे महागड्या घरांचा पत्ता.

म्हणून काही जण म्हणतात की या लावणीतली ठिकाणं बदलून गावी. परळच्या जागी गोवंडी घाला, मानखुर्द घाला. शक्ती-तुऱ्याच्या परंपरेने बघितलं तर त्यात गैर काही नाही. बापूरावांच्या लावणीला अण्णाभाऊंनी तसाच हात घातला होता. पण नुसतं नाव बदलणं हे उत्तर नव्हे, ती शिक्क्याची दुरुस्ती झाली. अण्णाभाऊंनी नावं बदलली नाहीत, उभं राहायची जागा बदलली. तशी जागा बदलून मुंबईचं गाणं अलीकडे कुणी गायलं असेल तर ते रॅपवाल्या पोरांनी. डिव्हाइन आणि नेझी यांचं ‘मेरे गली में’ २०१५ मध्ये आलं. एक अंधेरीचा, एक कुर्ल्याचा, कॅमेरा त्यांच्याच गल्लीबोळांत फिरतो. चार वर्षांनी ते ‘गली बॉय’ चित्रपटात नव्याने आलं, रणवीर सिंगच्या आवाजासह. दुसरं जास्त घोटीव आहे, बीट जास्त भरीव आहे, त्यात या दोघांचा आवाजही आहे. तरी पहिल्यात गल्ली ही राहायची जागा आहे आणि दुसऱ्यात ती देखावा होते. बापूरावांकडून अण्णाभाऊंकडे येताना गाणं पाहुण्याच्या तोंडून रहिवाशाच्या तोंडी आलं होतं. इथे प्रवास बरोबर उलट झाला आणि पैसा व प्रसिद्धी मात्र दुसऱ्यालाच जास्त मिळाली, बापूरावांच्या रचनांवर कमावलेल्या फडांना मिळाली तशी.

अण्णाभाऊंचा मान मधल्या काळात वाढत गेला. २००२ मध्ये टपाल तिकीट निघालं, २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. दरवर्षी १ ऑगस्टला मिरवणुका निघतात आणि ‘माझी मैना’ ध्वनिवर्धकावर लागते, बहुधा पूर्वार्धच. दामोदर हॉल पुनर्बांधणीसाठी २०२३ च्या अखेरीस बंद झाला आणि शक्ती-तुऱ्याच्या मंडळींना दुसरीकडे तारखा शोधाव्या लागल्या. बी.डी.डी. चाळींच्या जागी मनोरे उठत आहेत. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. गिरणी कामगारांची नातवंडं आता लिफ्टने घरी जातात. त्यांच्यातल्या कुणाला मुंबईची तिसरी लावणी सुचलीच, तर आधीच्या दोघांपैकी कुणाची चाल धरायची हा त्याचा प्रश्न. चाल कुणाची ते वर छापून सांगितलं की झालं.